मिथेन नेमकं कुणाचं? टायटॅनियाच्या नोंदी

९ जून

आजपासून नोंदी इथेच टाईप करणार. कागदावरची वही आहेच, पण तिच्यावर ॲसिटिक ॲसिड सांडलंय आणि मे महिन्यातली तीन पानं वाचताच येत नाहीत.

काम थोडक्यात असं. टायटॅनिया म्हणजे टायटॅनियम डायऑक्साईड, तोच पांढरा रंग जो भिंतीच्या पेंटमध्ये आणि सनस्क्रीनमध्ये असतो. त्याच्यावर यूव्ही प्रकाश पाडायचा, भोवती कार्बन डायऑक्साईड (सीओटू) आणि पाण्याची वाफ ठेवायची आणि बघायचं मिथेन किंवा कार्बन मोनॉक्साईड होतो का. ऐकायला एकदम सोपं. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियावर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं, आणि १९७९ ला फुजिशिमा-होंडा यांच्यासकट चौघांनी पाण्यात पावडर ढवळत सीओटूपासून फॉर्मिक ॲसिड, फॉर्मल्डिहाईड, मेथॅनॉल आणि थोडं मिथेन मिळाल्याचं छापलं. तेव्हापासून लोक हेच करतायत, आणि आता मी.

मला बघायचंय ते मिक्स्ड फेजचं. टायटॅनियाचे दोन मुख्य स्फटिक प्रकार, ॲनाटेज आणि रुटाईल. ॲनाटेजचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन उठवायला लागणारी ऊर्जा, ३.२ इव्ही, रुटाईलचा ३.०. बाजारात पी२५ नावाची पावडर मिळते, तिच्यात साधारण ८० टक्के ॲनाटेज आणि २० टक्के रुटाईल असतं, आणि बऱ्याच रिॲक्शनमध्ये ती दोन्ही शुद्ध प्रकारांपेक्षा चांगली चालते. का चालते यावर लोक वीस वर्षं भांडतायत. आमचं म्हणणं, ही मिसळ आपण स्वतः करू, प्रमाण आपल्या हातात ठेवू.

(मिसळ हा शब्द मॅडमनी ग्रुप मीटिंगमध्ये वापरला आणि तेव्हापासून सगळी लॅब सँपलना मिसळच म्हणते. पी२५ ला तर्री म्हणतात. असो.)

१३ जून

सोल-जेलची (द्रावणाचं जेल करून पावडर बनवायची रीत) बॅच लावली. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साईड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ॲसिटिक ॲसिड, आणि पोअर्स चांगले यावेत म्हणून थोडा सर्फॅक्टंट. पावसाळ्यात हे करणं म्हणजे शिक्षा आहे, आयसोप्रोपॉक्साईडला हवेतली वाफसुद्धा पुरते, बाटलीचं झाकण उघडलं की तोंडाशी पांढरं धरतं. तिसऱ्या प्रयत्नात जेल नीट आलं. वाळवून पाच भाग केले, मफल फर्नेसमध्ये ४५०, ५००, ५५०, ६००, ६५० डिग्रीला दोन-दोन तास. नावं टी-४५०, टी-५०० वगैरे. टी-४५० किंचित पिवळट आलंय, दूध जास्त पडलेल्या चहासारखं. बाकीची पांढरी. नोंद करून ठेवते, बाकी काही नाही.

२० जून

पालखी पुण्यात, रस्ते बंद, बस नाही. चालत आले. एक्सआरडीचा (एक्स-रेने स्फटिक ओळखायच्या यंत्राचा) स्लॉट महिनाभर आधी घेतला होता तो सोडणं शक्य नव्हतं.

ॲनाटेजचा मुख्य पीक २५.३ अंशांना, रुटाईलचा २७.४ ला. दोन्हींच्या उंचीवरून प्रमाण काढायचं जुनं सूत्र आहे, स्पर आणि मायर्स यांचं, १९५७ चं: ॲनाटेजची तीव्रता भागिले रुटाईलची, त्याला ०.८ ने गुणा, १ मिळवा आणि उलटा. टी-६०० मध्ये दोन पीकचं प्रमाण जवळपास ५ ला १ आलं, म्हणजे ०.८ गुणिले ५ म्हणजे ४, अधिक १ म्हणजे ५, उलटं केलं की २० टक्के रुटाईल. पी२५ सारखंच. मी खरंच टाळी वाजवली, ऑपरेटर काका बघायला लागले. टी-४५० आणि टी-५०० पूर्ण ॲनाटेज, टी-५५० मध्ये रुटाईलची जेमतेम चाहूल, टी-६५० मध्ये अर्ध्याहून जास्त रुटाईल.

घरी फोनवर आईला सांगितलं की टायटॅनियमचं काम करतेय, ती म्हणाली आपल्याकडे रत्नागिरीला समुद्रावर जी काळी वाळू आहे त्यातच असतं ना ते, लोक लिज मागत फिरायचे. बरोबर आहे तिचं. इल्मेनाईट, लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साईड. लहानपणी चप्पल काढून त्या वाळूवर चाललं की पाय भाजायचे, काळी ना ती.

२ जुलै

रिॲक्टर लागला. १०० मिलीचा, वर क्वार्ट्झची खिडकी, खाली १०० मिलीग्रॅम पावडर पसरून. ३६५ नॅनोमीटरची एलईडी, खिडकीवर मोजून साधारण १ वॅट. सीओटू पाण्यातून बुडबुडे काढत आत सोडायचा, २५ डिग्रीला पाण्याच्या वाफेचा दाब ३.१७ किलोपास्कल, आणि पुणं समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर असल्यामुळे हवेचा दाब इथे ९५ च्या आसपास, म्हणजे आत साधारण ३.३ टक्के वाफ. ज्युनियरने १०१.३ धरून ३.१ काढलं होतं. फरक छोटा आहे पण पुण्यात राहून मुंबईचा दाब धरायचा नाही एवढं तरी.

गॅस क्रोमॅटोग्राफला (जीसी, वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) मेथनायझर आहे, म्हणजे निकेलचा छोटा कॅटॅलिस्ट जो मोनॉक्साईडला मिथेन करून एफआयडीला, म्हणजे ज्वाळेच्या डिटेक्टरला, दाखवतो. नाहीतर एफआयडीला मोनॉक्साईड दिसतच नाही.

४ जुलै

मिथेन!!

टी-६००, चार तास, ०.३ मायक्रोमोल. पीक बारीक पण स्वच्छ, रिटेन्शन टाईम (पीक बाहेर यायची वेळ) स्टँडर्डशी जुळतो. पी२५ ने त्याच्या निम्मं पण दिलं नाही. म्हणजे आमची मिसळ तर्रीपेक्षा भारी. मॅडमना फोटो पाठवला, त्यांनी अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं "डार्क रन?" डार्क रन, म्हणजे दिवा बंद ठेवून, केला होता, शून्य. प्रकाश लागतोच. मग काय, आणखी काय पाहिजे.

ऑक्टोबरच्या कॉन्फरन्सच्या ॲबस्ट्रॅक्टची तारीख १० जुलै आहे. लिहायला घेतलं.

८ जुलै

बाकीची चार सँपल चालवली. सगळ्यात जास्त मिथेन टी-४५० ला, ०.४ मायक्रोमोल. टी-६५० ला सगळ्यात कमी. म्हणजे मिक्स्ड फेजचा मुद्दाच राहात नाही, शुद्ध ॲनाटेज जिंकतंय. तापमान वाढलं की मिथेन कमी, सरळ उतरती रेघ. मी स्वतःला समजावलं की सरफेस एरिया आहे, ४५० ला कण बारीक राहतात, एरिया जास्त, म्हणून. ॲबस्ट्रॅक्टमध्ये "प्रति चौरस मीटर" काढून मांडायचं ठरवलं. बीईटी, म्हणजे सरफेस एरियाची मोजणी, यायची आहे, तरी पाठवून दिलं. हे आत्ता लिहिताना पण बरं वाटत नाहीये.

१५ जुलै

मॅडम म्हणाल्या आर्गॉनमध्ये एक रन कर. सगळं तेच, फक्त सीओटूच्या जागी आर्गॉन. प्रकाश, पाणी, पावडर. कार्बनचा स्रोतच नाही, तर काहीच यायला नको.

टी-४५०, चार तास. ०.३६ मायक्रोमोल मिथेन.

दोनदा केलं. दुसऱ्यांदा ०.३५.

पोटात गोळा आला म्हणतात तो काय असतो ते आज कळलं. संध्याकाळी टपरीवर बसून हिशेब केला, तो इथे टाकते कारण हा मी जूनमध्येच करायला हवा होता. १०० मिलीग्रॅम पावडर. समजा तिच्यात वजनाने १ टक्का कार्बन उरलाय, न जळलेला सर्फॅक्टंट, अल्कोहोल, ॲसिटेट. म्हणजे १ मिलीग्रॅम कार्बन, म्हणजे ८३ मायक्रोमोल. मी ०.४ मायक्रोमोलवर नाचत होते. दोनशे पट माल पावडरमध्येच पडलेला आहे. अगदी ०.०१ टक्का धरला तरी ०.८३ मायक्रोमोल, तरी दुप्पट. आणि ४५० डिग्रीचं सँपल चहाच्या रंगाचं होतं हे मी स्वतः १३ जूनला लिहून ठेवलंय!! ती उतरती रेघ सरफेस एरियाची नव्हती, जितकं कमी भाजलं तितका कार्बन जास्त उरला, एवढंच. डार्क रन शून्य येणारच होता, कारण तो उरलेला कार्बन तोडायला पण प्रकाशच लागतो.

१७ जुलै

तरीपण दोन दिवस मी बाकी सगळ्यांवर आळ घेतला. ओ-रिंग बदलली. जॉइंटचं सिलिकॉन ग्रीस पुसून टेफ्लॉन लावलं. हवा आत येते का बघितलं, हवेत स्वतःचं मिथेन असतं, साधारण १.९ पीपीएम. पण १०० मिलीत सगळी हवाच भरली तरी ते ७ नॅनोमोल होतं, माझं आहे ३६०. रिकामा रिॲक्टर, पावडर नाही, प्रकाश आणि सीओटू आणि पाणी: काही नाही. म्हणजे ग्रीस निर्दोष. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

रात्री वाचत बसले. नेदरलँड्समधल्या गीडो मूल यांच्या ग्रुपने २०१० मध्येच हे दाखवलंय, तांबं घातलेल्या टायटॅनियावर त्यांनी कार्बन-१३ (कार्बनचा जड प्रकार) वाला सीओटू दिला आणि निघालेला मोनॉक्साईड बहुतेक साध्या कार्बन-१२ चा निघाला, म्हणजे पावडरवरच्या कचऱ्याचा. पंधरा वर्षं झाली. मी तो पेपर "वाचायचे आहेत" फोल्डरमध्ये ठेवला होता, डाऊनलोडची तारीख गेल्या वर्षीची आहे. त्यानंतरही नुसत्या डार्क रनवर मिथेन छापणारे पेपर ढिगाने आहेत. मी त्यातलीच एक होणार होते.

१८ जुलै

ॲबस्ट्रॅक्ट मागे घेतला. मॅडमना सांगायला केबिनमध्ये गेले तेव्हा रडू येईल असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "अगं, छापून आल्यावर कळलं असतं तर? बस. चहा घे." मग म्हणाल्या त्यांच्या पीएचडीत सहा महिन्यांचा हायड्रोजन सेप्टममधून (इंजेक्शनच्या रबरी बुचातून) येत होता. हे त्यांनी याआधी कधी सांगितलं नव्हतं.

२९ जुलै

साफसफाई चालू. पावडर कोरड्या हवेत ४०० डिग्रीला परत भाजली, त्याहून वर नेलं तर फेजचं प्रमाण बिघडायची भीती. मग रिॲक्टरमध्ये ओलसर ऑक्सिजनखाली रात्रभर यूव्ही. टायटॅनिया स्वतःच स्वतःला धुतं, वरचा सेंद्रिय कचरा जाळून सीओटू करतं, तो सीओटू जीसीवर मोजत राहायचा आणि कमी होईपर्यंत थांबायचं. पहिल्या रात्री टी-४५० मधून एवढा सीओटू निघाला की मला त्या जुन्या मिथेनची कीव आली. तिसऱ्या रात्रीनंतर रेघ खाली बसली. मध्ये एकदा लाईट गेली, चार तास बंद, परत पहिल्यापासून.

टी-४५० आता पांढरं आहे.

७ ऑगस्ट

साफ केलेलं टी-६००. आर्गॉनमध्ये मिथेन ०.०२ मायक्रोमोल, सीओटूमध्ये ०.०३. दहा पट खाली आलं. पण आता मोनॉक्साईड दिसतोय, सीओटूमध्ये ०.०५, आर्गॉनमध्ये त्याहून बराच कमी. आधी मिथेनच्या गडबडीत मोनॉक्साईडकडे लक्षच नव्हतं.

तसं ते समजण्यासारखं आहे. मोनॉक्साईडला दोन इलेक्ट्रॉन पुरतात, मिथेनला आठ, आणि ते आठ एकाच जागी एकामागून एक यायला हवेत, तोपर्यंत मधल्या होलने (इलेक्ट्रॉन उठल्यावर उरलेल्या रिकाम्या जागेने) परत ऑक्सिडाईझ करायला नको. नुसत्या पोटेन्शियलवर (इलेक्ट्रॉन द्यायला किती जोर लागतो त्यावर) बघितलं तर मिथेन सोपं वाटतं, पीएच ७ ला उणे ०.२४ व्होल्ट, मोनॉक्साईडला उणे ०.५३. पण सीओटूला पहिला इलेक्ट्रॉन देऊन रॅडिकल करायचं तर उणे १.९ लागतं, टायटॅनियाचा कंडक्शन बँड, म्हणजे प्रकाशाने उठलेला इलेक्ट्रॉन बसतो ती पातळी, तिथे कुठेच पोचत नाही. म्हणून पृष्ठभागावर तो वाकून चिकटणं, ऑक्सिजन व्हेकन्सी (जिथून ऑक्सिजन निघून गेलाय अशी जागा), हे सगळं लागतं, आणि म्हणूनच सगळं एवढं मंद.

ज्युनियरने विचारलं, ताई, मग ऑक्सिजन का नाही मोजत, पाणी फुटलं तर तो यायलाच पाहिजे, तोच खरा पुरावा. मुद्दा एकदम बरोबर. पण ०.०५ मायक्रोमोल मोनॉक्साईडला ऑक्सिजन ०.०२५ येणार, आमच्या रिॲक्टरमध्ये तो ६-७ पीपीएम. आणि नुसती १ टक्का हवा आत गेली तर ऑक्सिजन २१०० पीपीएम. सुई गवतात नाही, सुई सुयांत शोधायची. सध्या जमणार नाही, तसं थिसिसमध्ये लिहायचं.

११ ऑगस्ट

कुठून कुठे इलेक्ट्रॉन जातो यावर आज ग्रुप मीटिंगमध्ये दोन तास. जुन्या पुस्तकातलं चित्र असं की ॲनाटेजचा कंडक्शन बँड वर, म्हणून इलेक्ट्रॉन ॲनाटेजकडून रुटाईलमध्ये घरंगळतो. नॉर्थवेस्टर्नच्या किम्बर्ली ग्रे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पी२५ वर ईपीआर (एकटा इलेक्ट्रॉन कुठे अडकलाय ते दाखवणारं तंत्र) करून उलटं म्हटलं, रुटाईल प्रकाश पकडतं, तेही थोड्या लांब तरंगलांबीचा, आणि इलेक्ट्रॉन ॲनाटेजमध्ये जाऊन अडकतो. २०१३ मध्ये स्कॅनलन वगैरेंनी गणित आणि एक्सपीएस (एक्स-रेने इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजणं) दोन्ही लावून रुटाईलचाच बँड वर असल्याचं मांडलं. मला ते पटतं. पण त्यातून एक गोष्ट निघते जी आम्ही तपासली नव्हती: इलेक्ट्रॉनला ओलांडायला दोन्ही फेजचे कण खरंच एकमेकांना चिकटलेले हवेत. नुसते शेजारी ठेवून उपयोग नाही.

म्हणून उद्या खलबत्ता. साफ केलेलं शुद्ध ॲनाटेज आणि ७५० ला भाजून केलेलं रुटाईल, ८०-२० वजनाने, नुसतं घोटायचं. प्रमाण टी-६०० चंच, फक्त फेज एकत्र वाढलेल्या नाहीत.

२६ ऑगस्ट

कार्बन-१३ वाला सीओटू आला, छोटी बाटली, ९९ टक्के शुद्ध. किंमत बघून मॅडमनी तीनच रन सांगितले. दुसऱ्या लॅबच्या जीसी-मासवर (वायू वेगळे करून त्यांचं वस्तुमान दाखवणारं यंत्र) वेळ मिळाला गणपतीच्या आदल्या दिवशी कारण बाकी सगळे गावाला गेलेत. मला पण रात्रीची गाडी पकडायची होती, तिकीट कॅन्सल. आई काही बोलली नाही, म्हणजे रागावलीय.

काय बघायचं ते लिहून घेते. कार्बन-१३ चं मिथेन वस्तुमान १७ ला दिसतं, पण पाण्याचा तुकडा पण १७ ला, त्यामुळे कॉलममधून वेगळं झाल्याशिवाय १७ वर विश्वास नाही. कार्बन-१३ चा मोनॉक्साईड २९ ला, पण नायट्रोजनचा जड भाऊ पण २९ ला आणि हवा तर सगळीकडे, त्यामुळे नायट्रोजन आणि मोनॉक्साईड वेगळे करणारी मॉलिक्युलर सीव्ह हवीच. आणि साध्या मिथेनमध्येही १.१ टक्का कार्बन-१३ निसर्गतःच असतो.

२७ ऑगस्ट

पहाटे तीनला तिसरा रन संपला. खाली गेटवरच्या मंडळाचा मांडव सजवायचं काम चालू होतं, सिक्युरिटी काकांनी प्रसादाचा पेढा दिला, मूर्ती अजून बसलेली पण नव्हती. आधीच?

टी-६०० चं मिथेन: १७ आणि १६ चं प्रमाण १ ला १०. कार्बन-१३ च्या मिथेनचा स्वतःचा तुकडा पण १६ ला येतो, तो धरून सोडवलं तर सुमारे ९ टक्के मिथेन सीओटूचं. बाकी ९१ अजूनही कचऱ्याचं, एवढं धुवून. नुसती सीओटूतून आर्गॉनची वजाबाकी केली असती तर मी एक तृतीयांश सांगितलं असतं.

टी-६०० चा मोनॉक्साईड: २९ आणि २८ चं प्रमाण ३ ला २. म्हणजे ६० टक्के सीओटूचा. ०.०५ चे ६० टक्के, ०.०३ मायक्रोमोल. हा खरा आहे. चार तासांत, १०० मिलीग्रॅमवर, एवढाच, पण हा आत आलेल्या सीओटूचाच आहे.

टी-४५० चा तसाच सीओटूचा मोनॉक्साईड: ०.०३५ मायक्रोमोल. घोटलेली मिसळ: टी-६०० च्या निम्म्याला जेमतेम.

३ सप्टेंबर

बीईटी आली एकदाची. टी-४५० ला ग्रॅमला ९५ चौरस मीटर, टी-६०० ला ३८. तर प्रति ग्रॅम बघितलं तर शुद्ध ॲनाटेज थोडं पुढे, प्रति चौरस मीटर बघितलं तर मिक्स्ड फेज दुपटीहून पुढे, ७.९ विरुद्ध ३.७ नॅनोमोल. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही छापायचे, फक्त सोयीचा नाही. घोटलेल्या मिसळीचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तेवढंच प्रमाण आणि तरी निम्मं, म्हणजे फरक जोडणीचा दिसतोय. एकच रन आहे पण. एका रनवर मी जुलैमध्ये काय केलं ते आठवतंय.

प्रकाशाचा हिशेब पण आज केला, कुणी विचारायच्या आधी. ३६५ चा १ वॅट म्हणजे तासाला साधारण ११ मिलीमोल फोटॉन, चार तासांत ४४. त्यातून ०.०३ मायक्रोमोल मोनॉक्साईड, दोन इलेक्ट्रॉन प्रत्येकी, ०.०६. टक्केवारी काढली तर ०.०००१४. ज्युनियरने कॅल्क्युलेटरवर शून्यं दोनदा मोजली आणि म्हणाला, ताई, झाडं कशी करतात मग?

१२ सप्टेंबर

मॅडमनी आणखी दोन रनपुरता कार्बन-१३ मंजूर केला. दोन्ही घोटलेल्या मिसळीला घालायचे. त्याआधी तिला पण तीन रात्री यूव्हीखाली धुवायचंय, नवीन ओ-रिंग लागेल, जुनी ऑक्सिजनने कडक झालीय. आर्गॉनचा रन पहिला, मग बाकी. बोर्डवर मार्करने लिहून ठेवलंय, पुसू नये असं पण लिहिलंय, कोणीतरी त्याखाली तर्री काढलीय.